स्विस भवन आणि ब्राझील भवन: एकाच वसाहतीतली दोन वसतिगृहे

पॅरिसच्या दक्षिण भागातील ‘सिते इंटरनॅशनल’ या विद्यापीठीय वसाहतीत वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या नावाशी जोडलेली दोन वसतिगृहे आहेत: १९३३ मध्ये खुले झालेले स्विस भवन आणि १९५९ मधले ब्राझील भवन. दोन्हींत खोल्यांचा ठोकळा खांबांवर उचललेला आणि सामायिक दालने तळाशी असल्यामुळे छायाचित्रांत त्यांची गल्लत सहज होते. याहून मोठी गल्लत म्हणजे पहिले भवन भूमीशी नाते नसलेल्या आधुनिकतेचे आणि दुसरे प्रादेशिक, म्हणजे स्थानिक हवामान आणि परंपरेशी जुळवून घेणाऱ्या, आधुनिकतेचे, अशी केली जाणारी ढोबळ वाटणी.

स्विस भवन ल कॉर्बुझिए यांनी आपले वास्तुविशारद चुलतभाऊ पिएर जानेरे यांच्यासह रचले. काँक्रीटच्या खांबांवर पोलादी सांगाडा, तीन मुख्य मजल्यांवर प्रत्येकी १५ खोल्या आणि दक्षिणेला अखंड काचेची भिंत, हा सारा भाग यंत्रयुगाचा आहे, यात शंका नाही. मात्र मागच्या बाजूस गेले की तळमजल्याच्या बैठकीच्या दालनाची बाहेरची भिंत एकाएकी वळण घेते आणि तिच्यात ओबडधोबड, लहानमोठे दगड त्यांच्या जाड सांध्यांसह उघडे ठेवलेले दिसतात. गुळगुळीत काचेच्या इतक्या जवळ अशी भिंत उभी करण्याचे धाडस १९३० च्या सुमारास फार थोड्यांनी केले होते. माझ्या मते या वसतिगृहातील सर्वांत महत्त्वाची जागा हीच. मात्र या दगडात स्वित्झर्लंडचे असे खास काहीही नाही.

ब्राझील भवनाचा मूळ आराखडा ब्राझीलचे वास्तुविशारद लुसिओ कॉस्टा यांचा. रिओच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत कॉस्टा यांच्या चमूने ल कॉर्बुझिए यांच्याच सल्ल्याने उन्हाला अडवणाऱ्या झडपा वापरल्या होत्या, आणि तिथल्या प्रखर उन्हात त्यांना पुरेपूर अर्थ होता. पॅरिसच्या आराखड्याची अंमलबजावणी ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयाकडे गेल्यावर तो जड होत गेला, खांब आडदांड झाले, काँक्रीट उघडे राहिले, आणि बदल इतके झाले की कॉस्टा यांनी पुढे या कामापासून स्वतःला दूर ठेवले. म्हणून या भवनातले बरेचसे रूप रिओपेक्षा ल कॉर्बुझिए यांनी फ्रान्समधल्या मार्सेयला नुकत्याच बांधलेल्या निवासी इमारतीला जवळचे आहे. ब्राझीलकडून आलेली गोष्ट शोधायचीच, तर ती खोलीबाहेर खोल घेतलेल्या सज्जात सापडते: ऊन आणि खोली यांच्यामध्ये सावलीचा एक थर ठेवण्याची ती सवय आहे. पॅरिसच्या फिक्या आकाशाखाली त्या थराची गरज कमी, पण खोलीबाहेर बसण्यापुरती जागा विद्यार्थ्याला मिळाली, हा लाभ मला खरा वाटतो.

समोरून पाहताना फरक ओळखायचा तो इथेच. स्विस भवनात काच दर्शनी भागाच्या कडेपर्यंत येते आणि खोली बाहेरून उघडी दिसते. ब्राझील भवनात काच मागे सरते आणि तिच्यापुढे सज्जांच्या आतल्या बाजूंचे पिवळे, निळे, हिरवे रंग करड्या काँक्रीटच्या चौकटींतून तिरपे पाहिल्यावरच दिसू लागतात.