हवामान केंद्राच्या नोंदी वाटेत पकडताना

बेळगाव जिल्ह्याच्या एका टोकाला, खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटी भागात, पाऊस धो धो कोसळत असतो, तेव्हा दुसऱ्या टोकाच्या अथणीत पेरणी खोळंबलेली असू शकते. अशा भागात गच्चीवर स्वतःचे हवामान केंद्र असणे उपयोगाचे ठरते. मात्र त्याच्या नोंदी दूरच्या सर्व्हरऐवजी आपल्याच संगणकात साठवायच्या ठरवल्या की खरी अडचण सुरू होते.

गच्चीवरील संवेदक रेडिओ लहरींद्वारे घरातील कन्सोलला (आकडे दाखवणाऱ्या उपकरणाला) माहिती देतो आणि कन्सोल ती वाय-फायवरून राउटरमार्फत इंटरनेटवर पाठवतो. कन्सोलवरील आकडे बदलत असतील, तर पहिला टप्पा ठीक आहे असे समजून पुढे शोध घ्यावा.

नोंदी या वाटेतच पकडण्यासाठी बहुतेक जण त्याच वाय-फायला जोडलेल्या लॅपटॉपवर वायरशार्क हा नेटवर्कवरील माहिती टिपणारा प्रोग्राम सुरू करतात आणि केंद्राचे एकही पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) न दिसल्याने ते बंद पडले असे मानतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. डब्ल्यूपीए२ या वाय-फाय सुरक्षेच्या पद्धतीत प्रत्येक उपकरणाची राउटरशी स्वतंत्र सांकेतिक किल्ली ठरत असल्यामुळे, पासवर्ड ठाऊक असला तरी जोडणीच्या क्षणी होणारी चार संदेशांची देवाणघेवाण हाती लागल्याशिवाय दुसऱ्या उपकरणाचा मजकूर उलगडत नाही. त्यापेक्षा लॅपटॉपवरच हॉटस्पॉट सुरू करून कन्सोल त्याला जोडावा, म्हणजे सारी पॅकेटे लॅपटॉपमधूनच जातील. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवावा. बऱ्याच कन्सोलना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही.

वळवाच्या पावसात वीज गेली आणि परत आली, की राउटर कन्सोलला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरील क्रमांक) देऊ शकतो आणि जुन्या पत्त्यावर लावलेली वायरशार्कची गाळणी (हवी तेवढीच पॅकेटे दाखवणारी अट) रिकामी राहते. म्हणून गाळणी मॅक पत्त्यावर, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावर, लावणे श्रेयस्कर. मजकूर टीएलएस या सांकेतिक आवरणाने झाकलेला असेल, तर तो वाचण्याच्या खटपटीत पडू नये. त्याऐवजी अनेक कन्सोलमध्ये स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट (संगणकावरील प्रवेशद्वाराचा क्रमांक) भरण्याची सोय असते, ती वापरावी, फक्त संगणकाच्या फायरवॉलने (बाहेरच्या जोडण्या रोखणाऱ्या सुरक्षा-भिंतीने) ते पोर्ट अडवलेले नाही ना, हे पाहावे.

हाती आलेले आकडेही प्रथमदर्शनी चुकीचे वाटतात. तापमान अनेकदा फॅरनहाइटमध्ये, तर दाब आणि पाऊस इंचांत येतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्याने निरपेक्ष दाब (समुद्रसपाटीच्या हिशेबाने न बदललेला) पाऱ्याच्या २७ इंचांच्या आसपास दिसतो. तो संवेदकाचा दोष नव्हे. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असल्यास ती आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असते, त्यामुळे पहाटे चारचा पाऊस आदल्या तारखेला रात्री साडेदहाला नोंदला जातो. शिवाय केंद्राची दैनिक बेरीज सहसा मध्यरात्री शून्यावर येते, तर भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा पाऊस मोजतो. त्यामुळे वृत्तपत्रातील आकड्याशी तुलना करायची असेल, तर मूळ नोंदींतून त्याच वेळेनुसार बेरीज पुन्हा करावी लागते.