फायटोसॉर की सुसर? आधी नाकपुडी शोधा

हातभर लांब निमुळता जबडा, त्यात ओळीने टोकदार दात, पाठीवर हाडांच्या चकत्या. असा सांगाडा ट्रायसिक काळातल्या (डायनासोर नुकते उगवत होते त्या काळातल्या) खडकात सापडला की 'सुसरीचा पूर्वज' हे शब्द तोंडात येतातच. पण तो बहुधा फायटोसॉर या नामशेष सरपटणाऱ्या प्राण्याचा असतो, आणि सुसर (घडियाल) किंवा मगर त्याच्यापासून झालेली नाही.

कवटी पूर्ण असेल तर फरक एका नजरेत कळतो. सुसरीच्या नाकपुड्या जबड्याच्या अगदी टोकाला असतात. फायटोसॉरच्या मात्र डोळ्यांजवळ, कवटीच्या माथ्यावर, बऱ्याचदा छोट्या उंचवट्यावर. दोघांनाही अंग पाण्यात बुडवून श्वास घ्यायचा होता, पण उपाय वेगळे निघाले. सुसरीत टोकाकडून आलेली हवा तोंडातल्या भक्ष्याला न भिडता घशापर्यंत जावी म्हणून टाळूच्या वर हाडांची लांब नळी तयार झाली. या हाडांच्या पडद्याला दुय्यम टाळू म्हणतात. फायटोसॉरची बाहेरची नाकपुडी आतल्या छिद्राच्या जवळजवळ वरच असल्याने हवेचा रस्ता आखूड होता; इतक्या लांब नळीची गरजच नव्हती.

कवटी अर्धवट असेल तर हाडांचे सांधे बघावे लागतात. सुसरीचा लांब जबडा मुख्यतः मॅक्सिला या वरच्या जबड्याच्या हाडाचा असतो. पुढचे प्रीमॅक्सिला लहान आणि त्यात एका बाजूला साधारण पाचच दात. फायटोसॉरमध्ये उलट: प्रीमॅक्सिलाच लांबलचक ताणलेले, त्यात दातांची मोठी रांग, आणि टोक खाली आकड्यासारखे वळून तिथले दात मोठे. शिवाय डोळ्याच्या पुढे, गालाच्या बाजूला एक खिडकी, म्हणजे कवटीतले भोक, असते. आजच्या मगरींत ती बुजलेली आहे. धडात गळ्याजवळची हाडे तपासा. फायटोसॉरला कॉलरबोन असते, मगरींना नसते. मनगटाची दोन हाडे लांबट झालेली असणे ही मगरवंशाची खूण. फायटोसॉरमध्ये ती दिसत नाही.

सुटा दात किंवा पाठीची एकटी चकती मिळाली तर मोह आवरा. पाण्यातल्या शिकाऱ्यांचे दात एकमेकांसारखे होतात, आणि कवचाच्या चकत्या दोन्हीकडे असतात. निव्वळ लांब जबडाही पुरावा नाही. तो अनेकदा स्वतंत्रपणे उगवला आहे. आग्नेय आशियातली लांब जबड्याची टोमिस्टोमा सुसरीची नातेवाईक की खऱ्या मगरींची, यावर हाडे आणि डीएनए यांची साक्ष बराच काळ जुळत नव्हती.

काळही तपासा. फायटोसॉर मुख्यतः उत्तर ट्रायसिकमधले, म्हणजे ट्रायसिकच्या शेवटच्या भागातले, आणि सुमारे २०.१ कोटी वर्षांपूर्वी, त्या काळाच्या अखेरीला ते संपले. त्या वेळी मगरवंशाचे सदस्य होतेच, पण टेरेस्ट्रिसुकससारखे लहान, सडपातळ, उंच पायांचे आणि जमिनीवर धावणारे. आज मगरींकडे असलेली नदीकाठच्या शिकाऱ्याची जागा तेव्हा फायटोसॉरकडे होती. वर्गीकरणात फायटोसॉरना कधी मगरींच्या शाखेच्या तळाशी, तर कधी मगरी आणि पक्षी यांच्या सामाईक शाखेच्याही बाहेर ठेवतात. २०११ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ नेस्बिट यांनी दुसरा पर्याय मांडला, तो सगळ्यांनी स्वीकारलेला नाही. कुठलाही धरला तरी ते पूर्वज ठरत नाहीत.

नावानेही घोळच घातला. १८२८ मध्ये जर्मन जीवाश्मतज्ज्ञ येगर यांनी 'वनस्पती-सरडा' अशा अर्थाचे नाव दिले, कारण दातांच्या खोबणीत साचून घट्ट झालेल्या गाळाला त्यांनी चारा चावणारे दात समजले.

भारतातला नमुना पॅरासुकस हिस्लोपी, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या मालेरी थरांतला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून हे नाव पडले. १८८५ मध्ये या जातीचे वर्णन करताना जीवाश्मतज्ज्ञ लायडेकर यांच्यासमोर तुकडेच होते, आणि त्यांत ऱ्हिंकोसॉर या वेगळ्याच प्राण्याचे हाड मिसळलेले निघाले. उरलेल्या जबड्याच्या तुकड्यावरून जात पक्की होईना. जीवाश्मतज्ज्ञ चॅटर्जी यांनी १९७८ मध्ये जवळजवळ पूर्ण सांगाड्यांचे वर्णन केले, आणि पुढे त्यांपैकीच एक या जातीचा प्रमाण नमुना, म्हणजे जातीचे नाव ज्याला बांधलेले असते तो सांगाडा, ठरला.