नोंदीत पेट्रोल, बोनेटखाली डिझेल : कोल्हापुरातल्या जुन्या जीपची पार्श्वभूमी

गेल्या चार-पाच वर्षांत कोल्हापूर शहरात आणि भोवतालच्या गावांत घरच्या गॅरेजात जुनी जीप खोलून बसलेली माणसं बरीच दिसू लागली आहेत. कुणी पोर्चमध्ये, कुणी म्हशी विकल्यावर रिकाम्या झालेल्या गोठ्यात. चासी विटांवर, हौदा भिंतीला टेकवलेला, गिअरपेटी पोत्यावर आणि वर आढ्याला चेनकुप्पी, म्हणजे इंजिन उचलायची साखळी-कप्पी. पत्रा, रंग, टप, टायर यांवर फारसा वाद होत नाही. काम अडतं ते इंजिनापाशी. बोनेटखालचं डिझेल इंजिन ठेवायचं, की ते उतरवून गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचं पेट्रोल इंजिन कुठून तरी मिळवायचं? घरात, मिस्त्र्याकडे आणि आरटीओच्या खिडकीवर याची उत्तरं वेगवेगळी मिळतात. हा गुंता पन्नास वर्षांत हळूहळू वाढत आला आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज आणि फोर्डच्या जीपबद्दल इथे नव्यानं सांगण्यासारखं काही नाही. युद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलमधून काही गाड्या देशातच राहिल्या. पुढच्या जाळीला नऊ फटी असतील तर ती युद्धातली आणि सात असतील तर नंतरची नागरी, एवढी खूण पुरते. कोल्हापुरात नऊ फटींची अस्सल जीप विरळाच. मोटारींचं वेड मात्र इथे संस्थानी काळापासूनचं. शाही दसऱ्याला निघणारी मेबॅक पाहायला अजूनही लोक दसरा चौकात ताटकळत उभे राहतात. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्यानंतरच्या काळात जीप खेड्यापाड्यांत दिसू लागली.

आपल्याकडची जीप म्हणजे मुख्यतः सीजे-३बी. मुंबईत महिंद्रा कंपनीकडे १९४७ साली सुट्या भागांच्या रूपात ७५ गाड्या आल्या, मग माझगावात जुळणी सुरू झाली आणि पुढे परवान्यावर गाडी इथेच बनू लागली. ३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ ला आलं. तिचं बोनेट उंच आणि चौकोनी दिसतं त्याचं कारण आतलं इंजिन. जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये होते. नव्यात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, इंजिनाची उंची वाढली, म्हणून बोनेट वर उचलावं लागलं. २१९९ सीसीचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, तीन गिअर, पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ८० इंच. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ ला थांबलं, आपल्याकडे त्यानंतरही बराच काळ बनत राहिलं. घरच्या गॅरेजात हे काम आज शक्य होतं ते त्यामुळेच. किंगपिन, बुश, व्हील सिलिंडर, गिअरपेटीचे दात अजून मिळतात, आणि मिळालं नाही तर उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वस्तीत, लेथवर कातून घेता येतं.

या गाड्या सुरुवातीला सरकारी होत्या. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि विकास गटांच्या कचेऱ्यांना जीप मिळाली. १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, तेव्हा ‘जीप आली’ म्हणजे ‘साहेब आले’ हे गावाला सांगावं लागत नसे. साखर कारखान्यांचे शेतकी विभाग, धरणांची कामं, दाजीपूरच्या जंगलातलं वनखातं, सगळीकडे हीच गाडी. गगनबावडा-राधानगरीकडच्या जांभ्याच्या तांबड्या चिखलातून आणि शिरोळकडच्या काळ्या रानातून पावसाळ्यात चारी चाकं ओढणारं दुसरं काही नव्हतंच. दहा-पंधरा वर्षं वापरून झाली की खातं लिलाव काढायचं. शेतकऱ्याच्या दारात जीप आली ती बहुतेक या लिलावातून.

दारात आल्यावर तिला खायला घालणं परवडेना. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव चढत गेले, डिझेल स्वस्त राहिलं. पेट्रोल जीप घाटात, कमी गिअरमध्ये, चार चाकं लावून चालली की टाकीकडे बघवत नसे. यावर राज्यात ठिकठिकाणी एकच उपाय निघाला, पण कोल्हापुरात तो जेवढा सहज झाला तेवढा क्वचितच कुठे झाला असेल. कारण उघड आहे. ऊस आणि नदीकाठची उपसा सिंचनं यांमुळे ऑइल इंजिन, म्हणजे पाणी उपसायचं डिझेल इंजिन, हे इथलं घरचं यंत्र होतं. उद्यमनगरातल्या कारखान्यांत ती बनत होती, भोवती बिडाच्या ओतकामाच्या भट्ट्या होत्या. इथल्या मिस्त्र्याला कार्बोरेटरपेक्षा नोझल आणि पंप जास्त जवळचे. त्यामुळे जीपमध्ये डिझेल बसवणं हे त्याच्या दृष्टीनं रोजचं काम होतं.

ते काम काय होतं हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. चासीवरचे इंजिनाचे जुने माउंटिंग कापायचे आणि नवे वेल्डिंग करायचे. नव्या इंजिनाचं आणि जुन्या गिअरपेटीचं तोंड जुळावं म्हणून मध्ये जाड प्लेट कातून घ्यायची. डिझेल इंजिन वजनदार, म्हणून पुढच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवायचा. बॅटरी मोठी, रेडिएटर मोठा. सुरुवातीला ट्रॅक्टरची इंजिनं बसली. ती दमदार होती, पण फेरे कमी. जीपच्या क्राउन-पिनियनचं, म्हणजे चाकांच्या आसातल्या दातांचं, प्रमाण ५.३८ ला १, म्हणजे भरभर फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनासाठी बेतलेलं. परिणाम असा की ओढायला गाडी भक्कम, पण ताशी पन्नासच्या आसपास गेली की इंजिन ओरडायला लागे. मग कुणी मॅटाडोरचं इंजिन घातलं, आणि ऐंशीच्या दशकात फ्रेंच रचनेचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन महिंद्राच्याच गाड्यांतून आल्यावर ते जुन्या ३बीत सर्वांत चांगलं बसलं. काम एका आठवड्यात व्हायचं. उतरवलेलं पेट्रोल इंजिन बहुतेकांनी भंगारात घातलं. ब्लॉक बिडाचा, आणि बिडाचं भंगार इथल्या भट्ट्यांना कायम हवंच असायचं. कित्येक जीपची मूळ इंजिनं वितळून ऑइल इंजिनांची फ्लायव्हील झाली असतील. आज ‘माझ्या नंबरचं इंजिन कुठे मिळेल’ असं विचारत फिरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

याच डिझेलवर वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी खासगी वाहतूक, चाललं. एसटी पोचत नव्हती किंवा दिवसातून दोनदा पोचत होती, त्या वाड्या-वस्त्यांवर ऐंशी-नव्वदच्या दशकांत जीप हीच गाडी. मागे समोरासमोर आठ-दहा, पुढे तीन-चार, फळीवर उभे राहिलेले वेगळे. काहींनी चासी वाढवून हौदा लांब करून घेतला. बेकायदा होतं, धोक्याचं होतं, अपघातही झाले. पण आजारी माणूस सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, आणि पोरगी कॉलेजला त्यातूनच गेली. माझं मत असं की ३बी आज भंगारात न जाता उभी आहे ती या वीस वर्षांमुळे. पेट्रोलवर राहिलेल्या गाड्या पोसवेनात म्हणून आधी झाडाखाली आणि मग किलोवर गेल्या.

कायदा या काळात सरकत होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात गाडीत बदल करायचा तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून मंजुरी घ्यायची आणि पुस्तकात नोंद करून घ्यायची, अशी वाट होती. अनेकांनी तशी नोंद करून घेतली, अनेकांनी नाही. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि २००० सालच्या दुरुस्तीनं कलम ५२ घट्ट झालं. कारखान्यानं मुळात जे नमूद केलं त्याच्याशी विसंगत बदल करायचा नाही, असा त्याचा रोख. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हाच अर्थ कायम केला. तोवर कोल्हापुरातल्या बहुतेक जीपमध्ये बदल होऊन दोन-तीन दशकं लोटली होती.

आता ‘व्हिंटेज’ या शब्दाकडे. सगळा घोळ इथे आहे. इंग्रज मोटारप्रेमींच्या काटेकोर वापरात व्हिंटेज म्हणजे साधारण १९१९ ते १९३० मधली गाडी. आपल्याकडच्या रॅलींत ही रेघ ढोबळपणे दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत ओढतात आणि नंतरच्यांना ‘क्लासिक’ म्हणतात. या दोन्ही हिशेबांनी जगातली एकही जीप व्हिंटेज ठरत नाही, कारण पहिली जीपच १९४० ची. आपल्या बोलण्यात मात्र सपाट मडगार्ड आणि गोल दिवे दिसले की गाडी व्हिंटेज. हरियाणातल्या डबवालीकडे नव्या पत्र्यातून बांधलेल्या आणि बोनेटवर पांढरा तारा काढलेल्या गाड्याही लग्नाच्या वरातीत ‘व्हिंटेज’ म्हणूनच भाड्यानं जातात.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि त्या नियमांत या शब्दाला पहिल्यांदा अर्थ मिळाला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालणार, नूतनीकरणाला ५,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. इथपर्यंत कुणाची तक्रार नसावी. अडचण पुढच्या अटीत आहे. गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करणारं मोठं काम झालेलं नसावं.

म्हणजे वय बसलं तरी इंजिन आडवं येतं. आणि वयाचाही हिशेब सरळ नाही. लष्करातल्या जीपला आरटीओची नोंदणी नसते, लष्कराचा बाणवाला नंबर असतो. ती लिलावात निघाली की मग पहिली नागरी नोंदणी. १९७० ला बनलेली आणि १९९० ला लिलावातून आलेली जीप नियम शब्दशः वाचला तर २०४० नंतर व्हिंटेज होईल. तिच्याच बरोबर बनून थेट पंचायत समितीत गेलेली दुसरी जीप २०२० मध्येच पन्नाशीची झाली.

नियम मूळपणा मागतो यात चूक नाही. मूळपणाची अट नसती तर डबवालीच्या नव्या पत्र्यालाही व्हीए नंबर मिळाला असता. पण मंजुरी घेऊन, पुस्तकात शिक्का मारून घेऊन बदललेलं इंजिन आणि काल रात्री गुपचूप बसवलेलं इंजिन यांत फरक करणारं एकही वाक्य त्या व्याख्येत नाही. इथल्या जीपच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे.

घरच्या गॅरेजातलं काम वाढलं तेही नेमकं याच सुमाराला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळच्या ४३ फुटांच्या धोका पातळीच्या कितीतरी वर गेली. दुधाळी, शाहूपुरी, नागाळा पार्कच्या सखल भागांत उभ्या गाड्या पाण्यात राहिल्या. पुराचा गाळ गिअरपेटीत, हाउजिंगमध्ये, व्हील बेअरिंगमध्ये शिरला की गाडी पूर्ण खोलण्यावाचून गत्यंतर नसतं. मधल्या काळात टाळेबंदीनं माणसांना घरी बसवलं होतं. शिवाय जीप हाताखालून गेलेले जुने मिस्त्री थकले, त्यांच्या पोरांना एका जुन्या गाडीत दोन महिने अडकणं परवडेना. काम मालकाच्या दारात आलं ते असं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या मोटारीचं पुनर्नोंदणी शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, तेव्हा पुष्कळांनी वर्षानुवर्षं न उघडलेली आरसी बुकं बाहेर काढली आणि इंजिनाच्या ओळीपाशी थबकले.

पेट्रोलकडे परत जायचं ठरवणाऱ्यांपुढे आता एक नवी गोष्ट आहे, आणि ती आपल्याच उसातून आली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर गेलं. ३बीच्या काळातल्या, इंजिनावरच्या इंधन पंपाचा पडदा, रबरी नळ्या, बुचाचं गॅस्केट हे काहीच इथेनॉलसाठी केलेलं नव्हतं. रबर फुगतं, मऊ पडतं. इथेनॉल पाणी शोषतं, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकीचा पत्रा आतून गंजतो. पडदा आणि नळ्या नव्या रबराच्या घालता येतात, टाकीला आतून लेप देता येतो. मग तेही मूळ स्वरूप राहत नाही, पण त्याला कुणी हरकत घेणार नाही.

माझ्या गॅरेजातली ३बी १९६८ च्या नोंदणीची आहे. पंचायत समितीची होती, १९८१ च्या लिलावात वडिलांनी घेतली, १९८६ ला तिच्यात डिझेल बसलं. जुन्या आरसी पुस्तकात इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ हा शब्द निळ्या शाईनं खोडला आहे, वर ‘डिझेल’, खाली नवा इंजिन नंबर, सही, तारीख आणि गोल शिक्का. पुस्तकावरून संगणकात माहिती चढवताना ते पान राहून गेलं, त्यामुळे आजच्या नोंदीत तिचं इंधन अजून पेट्रोल आहे. त्या पानाची झेरॉक्स जोडून दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. चासीचा रंग वाळला आहे, पुढचा जादा पाटा तसाच ठेवला आहे. डिझेल इंजिनाचं बोअरिंग उद्यमनगरातून होऊन आलं, येत्या रविवारी ते चेनकुप्पीनं पुन्हा जागेवर उतरेल.