कर्नल क्रॅशचे निदान

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेला कर्नल चालता चालता कोसळला, तर मागे उरलेल्या खुणांवरून कारण शोधून काढण्याचे काम. साधा प्रोग्रॅम बंद पडला तर त्याची नोंद कर्नल ठेवतो. कर्नलच पडला तर नोंद कोणी ठेवायची? या कामातली बरीच साधने याच अडचणीतून घडली आहेत.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये मार्ग सोपा होता. सावरता न येणारी चूक दिसली की 'पॅनिक' नावाचे फंक्शन यंत्र थांबवी आणि कोणीतरी उठून ते पुन्हा सुरू करी. लिनक्सने हा शब्द ठेवला, पण त्याआधी 'ऊप्स' ही एक पायरी आणली. ऊप्स झाला की कर्नल त्या वेळची प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) मारतो आणि जमल्यास पुढे चालू राहतो. मात्र मेलेल्या प्रोसेसने धरलेले लॉक (एका वेळी एकालाच वाट देणारी कुलुपे) तसेच राहू शकतात आणि तासाभराने दुसरेच काही अडकते. म्हणून सर्व्हरवर ऊप्सलाच पॅनिक धरण्याची सेटिंग पुष्कळदा चालू ठेवतात, आणि ते शहाणपणाचेच आहे.

ऊप्सच्या वेळी कर्नल छापतो तो मजकूर दिसायला भीतिदायक, पण आधी पाहायच्या जागा मोजक्या. चुकीचा पत्ता शून्याच्या जवळचा, समजा हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) १८, असेल तर बहुधा रिकामा पॉइंटर (कुठलाच पत्ता नसलेला दर्शक) वापरला गेला आहे आणि १८ हे स्ट्रक्चरमधल्या (एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गटातल्या) एखाद्या फील्डचे सुरुवातीपासूनचे अंतर आहे. रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठ्यात) '६बी६बी६बी६बी' दिसले, तर मोकळी केलेली मेमरी कोणीतरी पुन्हा वाचली असा संशय घ्यावा. तपासणीची सोय चालू असली की अशा मेमरीत कर्नल मुद्दाम हा आकडा भरून ठेवतो. फंक्शनच्या नावापुढच्या दोन आकड्यांपैकी पहिला फंक्शनमध्ये किती बाइट आत आहोत ते सांगतो, दुसरा फंक्शनची लांबी. 'टेंटेड' (कर्नल डागाळल्याची खूण) या शब्दापुढे पी हे अक्षर असेल तर स्रोत खुला नसलेले मॉड्यूल (कर्नलला जोडलेला कोडचा तुकडा) लोड झालेले असते, आणि अशा तक्रारीत कर्नलचे विकासक फारसा रस घेत नाहीत.

त्याखालचा कॉल ट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्याची यादी, दाखवतो ती कोसळण्याची जागा. चूक तिथेच असेल असे नाही. एखाद्या ड्रायव्हरने (सहसा उपकरण चालवणाऱ्या, कर्नलमधल्या कोडने) आपल्या हद्दीबाहेर चार बाइट लिहिले, तर बऱ्याच वेळाने बळी जातो तो शेजारचा निरपराध कोड. कधी दोष रॅमचाच असतो: पत्त्यात एकच बिट पालटलेला दिसला आणि प्रत्येक क्रॅश नव्या ठिकाणी होत असला, तर कोड वाचण्याआधी मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवून पाहावा.

अशा वेळी ट्रेस पुरत नाही, मेमरीची पूर्ण प्रत लागते. पण मरणाऱ्या कर्नलला डिस्कवर लिहायला लावणे धोक्याचे. त्याचा डिस्क ड्रायव्हरच बिघडलेला असू शकतो. २००५ मध्ये लिनक्स २.६.१३ सोबत आलेल्या केडम्प या सोयीने यावर तोड काढली. बूट होतानाच थोडी मेमरी राखून तिथे दुसरा कर्नल तयार ठेवायचा. पहिला पडला की केएक्सेकच्या (चालू कर्नलमधून थेट दुसरा सुरू करणाऱ्या सोयीच्या) मदतीने, यंत्र सुरू करणाऱ्या बायॉसला वळसा घालून दुसरा उठतो आणि पहिल्याची मेमरी फाइलमध्ये उतरवतो. ही फाइल, म्हणजेच डम्प, 'क्रॅश' नावाच्या साधनात उघडतात. त्यासाठी कर्नलच्या नेमक्या त्याच बिल्डची डीबग माहिती (पत्त्यांना कोडमधली नावे जोडून देणारी) लागते. ती आधी जपून न ठेवल्याने हाती आलेला डम्प वाया जाणे, ही नेहमीची रड.

विंडोजमध्ये निळ्या पडद्यामागे हेच काम चालते: डम्प फाइल तयार होते आणि ती विनडीबग नावाच्या साधनात वाचतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे पडली. भारतातल्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. डम्पमध्ये बोट क्राउडस्ट्राइकच्या ड्रायव्हरकडे होते. ड्रायव्हरने हद्दीबाहेरची मेमरी वाचली होती, पण त्याला तिथे नेले होते नव्या डेटा फाइलने: ती २१वे इनपुट तपासायला सांगत होती, आणि कोड पुरवत होता २०च. सदोष फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली गेली. मात्र पुन्हा पुन्हा बूट होऊन पडणाऱ्या असंख्य यंत्रांपाशी माणसाला जाऊन सेफ मोडमध्ये ती हाताने पुसावी लागली.