एलईडी बल्ब आणि मोटारीतील ‘बल्ब खराब’ इशारा

मोटारीतला मूळचा तारेचा किंवा हॅलोजन बल्ब काढून बाजारातला एलईडी बल्ब बसवल्यावर मीटरवर उमटणारा दोषसंदेश. इंडिकेटरची जलद टिकटिक, दिव्याची फडफड आणि बंद दिव्यात राहणारा मंद उजेड ही त्याची भावंडे. दिवा डोळ्यांदेखत लख्ख पेटलेला असतो आणि गाडी मात्र तो उडाल्याचे सांगते.

खानदेशात दिवे बदलण्यामागे हौसेपेक्षा गरज जास्त आहे. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. कापसाच्या हंगामात मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात अचानक पुढ्यात येते, तोरणमाळ किंवा चाळीसगाव–कन्नड घाटात वळणावर उजेड कमी पडतो. त्यामुळे महामार्गालगतच्या वायरिंगवाल्यांकडे हे काम नेहमीचे झाले आहे आणि इशाऱ्याची तक्रारही.

कारण. गाडी दिव्याचा उजेड पाहत नाही, त्यातून जाणारा प्रवाह मोजते. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. त्या जागेचा एलईडी ३–४ वॅटचा, म्हणजे जेमतेम पाव ते एक तृतीयांश अँपिअरचा. इतका कमी प्रवाह दिसला की नियंत्रक (दिवे सांभाळणारा गाडीतला संगणक) बल्बमधली तार तुटल्याचा निष्कर्ष काढतो. इंडिकेटर भरभर टिकटिकतो तोही याच हिशेबाने. बल्ब गेल्याचे चालकाला कानांनी कळावे म्हणून ती सोय मुद्दाम ठेवलेली असते. काही गाड्या दिवा बंद असतानाही तारेतून क्षणिक स्पंद सोडून बल्ब शाबूत आहे का ते तपासतात. तारेच्या बल्बला त्या स्पंदाचा पत्ताही लागत नाही, एलईडी मात्र तेवढ्यावर मिणमिणतो. पुरवठाच तुकड्यातुकड्यांनी येत असेल, तर तो फडफडतो.

तपासणी. पहिली पायरी फुकटची आहे : जुना बल्ब परत लावून पाहावा. संदेश गेला तर वायरिंग ठीक आहे. राहिला तर दोष होल्डर, फ्यूज किंवा अर्थिंगमध्ये शोधावा. एलईडी अजिबात पेटत नसेल तर तो काढून उलटा बसवावा, कारण त्याला धन–ऋण टोके असतात. मागच्या दुहेरी बल्बमध्ये एक फसवी खोड आढळते. ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे किंवा मीटरचा उजेडही लागतो. हलक्या प्रतीच्या एलईडीत ब्रेक आणि पार्किंगचे मार्ग आतून एकमेकांत मिसळलेले असतात, त्याचा हा परिणाम. तो बल्ब बदलावाच. दुरुस्तीनंतरही संदेश राहिला तर इग्निशन बंद–चालू करावे; काही गाड्यांत साठलेला दोष स्कॅनरने (दोष वाचणाऱ्या यंत्राने) पुसावा लागतो.

उपाय. जुन्या गाडीत फ्लॅशर रिले, म्हणजे इंडिकेटर चालू-बंद करणारा भाग, वेगळा असतो. तिथे एलईडीला चालणारा फ्लॅशर टाकला की टिकटिक पूर्ववत होते. हा सगळ्यांत स्वच्छ मार्ग. नव्या गाड्यांत हे काम नियंत्रकातच होते, म्हणून ‘कॅनबस’ बल्ब (गाडीच्या तपासणीला चालेल असा घडवलेला एलईडी), कोडिंग (नियंत्रकाची मांडणी बदलून ती तपासणी बंद करणे) किंवा लोड रेझिस्टर (जादा प्रवाह घेणारा रोधक) यांतून निवड करावी लागते. फडफडीवर कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून पुरवठा सलग करणारा घटक) असलेला डीकोडर, म्हणजे बल्ब आणि वायरिंगमध्ये बसणारा जोडभाग, उपयोगी पडतो.

लोड रेझिस्टर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त चुकीचा बसवला जातो. सहा ओहमचा तुकडा बल्बला समांतर जोडला की १२ व्होल्टवर २४ वॅट जळतात. इंजिन चालू असताना व्होल्टेज चौदाच्या घरात गेले की तीसहून अधिक. ही सगळी निव्वळ उष्णता. मे महिन्यात जळगाव–भुसावळकडे पारा ४५ अंशांपार जातो, उन्हात उभ्या गाडीचा पत्रा आधीच भाजत असतो. अशा वेळी रेझिस्टर बंपरच्या प्लास्टिकला टेकवून किंवा वायरच्या जुडग्यात टेपने गुंडाळून ठेवणे धोक्याचे आहे. तो उघड्या धातूवर स्क्रूने घट्ट बसवावा. ब्रेकच्या दिव्याबाबत विशेष जपावे, कारण सिग्नलला पाय ब्रेकवर असेपर्यंत तो सलग तापतो.

यापेक्षा मोठी उणीव सहसा सांगितली जात नाही. पुढे एलईडी खरोखर मेला तरी रेझिस्टर प्रवाह घेतच राहतो आणि गाडी गप्प बसते. कोडिंगने तपासणी बंद केली तरी तेच. संदेश घालवला तेव्हाच ती पहारेदारीही घालवली जाते, म्हणून अशा गाडीचे मागचे दिवे रात्रीच्या प्रवासाआधी कुणाला तरी मागे उभे करून पाहावेत.

हेडलाइट. इथे प्रश्न इशाऱ्यापुरता उरत नाही. हॅलोजनचा परावर्तक तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीचा प्रकाश त्या जागेवरून निघाला नाही तर झोत विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, होऊ शकतात. बल्ब बसवल्यावर गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करावी. डिपरवर (खालच्या झोतावर) उजेडाची वरची कड स्पष्ट दिसली नाही, तर तो बल्ब त्या दिव्यासाठी नाही.