जुन्या बाथरूमच्या सॉकेटमधले तिसरे छिद्र

अमेरिकेत १९६० पूर्वी बांधलेल्या अनेक घरांच्या बाथरूममध्ये विजेची सोय म्हणजे आरशावरच्या दिव्यालाच जोडलेले दोन छिद्रांचे सॉकेट, एवढीच असे. दाढीचे यंत्र चालले की पुरे, अशा बेताने दिलेल्या या सॉकेटला अर्थिंगची तार नसे आणि त्याची वीज दिव्यांच्याच सर्किटवरून येत असे. अशा घराचे नूतनीकरण करताना दोन छिद्रांचे सॉकेट काढून तीन छिद्रांचे बसवले की काम झाले, असा समज पुष्कळदा आढळतो. पण तिसऱ्या छिद्रामागे अर्थिंगची तारच नसेल, तर ते नुसते दिखाऊ ठरते. आणि माझ्या मते ते जुन्या सॉकेटपेक्षाही वाईट, कारण जुने सॉकेट निदान नसलेल्या संरक्षणाची बतावणी करत नाही.

बाथरूमची एवढी काळजी का, हे साध्या भागाकाराने कळते. कोरड्या त्वचेचा रोध दहा हजार ओहमपेक्षा कितीतरी अधिक असू शकतो, पण ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. अमेरिकेतल्या घरगुती सॉकेटमध्ये १२० व्होल्टचा दाब असतो. त्याला हजाराने भागले की १२० मिलिअँपिअर येतात, आणि इतका प्रवाह क्षणभर छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. मात्र १५ अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने हा प्रवाह त्याच्या मर्यादेच्या सव्वाशेवा भाग आहे, म्हणजे तो त्याला जाणवणारही नाही. फ्यूज किंवा ब्रेकर असतो तो तारा तापून आग लागू नये म्हणून. माणसाला वाचवणे हे त्याचे कामच नाही.

ते काम करणारे उपकरण म्हणजे ग्राउंड फॉल्ट सर्किट इंटरप्टर, अर्थात जीएफसीआय. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी विजेला चिकटलेला हात माणसाला स्वतःहून किती प्रवाहापर्यंत सोडवता येतो, हे स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजले होते. जवळजवळ सर्व पुरुषांच्या बाबतीत ही मर्यादा ९ आणि जवळजवळ सर्व स्त्रियांच्या बाबतीत ६ मिलिअँपिअर निघाली. त्यांनीच १९६१ मध्ये हे उपकरण तयार केले आणि आजचे घरगुती जीएफसीआय ४ ते ६ मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडते, यामागे हेच आकडे आहेत. त्याची रचना सुबक आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून जातात. गेला तेवढाच प्रवाह परत आला तर दोघांचे परिणाम एकमेकांना रद्द करतात, पण त्यातला थोडासा जरी एखाद्याच्या अंगातून जमिनीकडे वळला, तरी कड्यावरच्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो आणि काही शतांश सेकंदांत संपर्क तुटतो. या हिशेबात अर्थिंगच्या तारेला कुठेही जागा नाही. म्हणूनच दोनच तारांच्या जुन्या वायरिंगवरही जीएफसीआय माणसाचे रक्षण करते. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर प्रवाहाची बेरीज बरोबरच राहते आणि उपकरणाला काहीच कळत नाही.

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने, म्हणजे विजेच्या जोडणीच्या नियमावलीने, १९७५ पासून घरांच्या बाथरूममधील सॉकेटना हे संरक्षण आवश्यक केले. हा कोड दर तीन वर्षांनी सुधारला जातो, आणि कोणती आवृत्ती लागू करायची ते राज्ये व स्थानिक प्रशासने ठरवतात. जे पूर्वीच्या नियमांनुसार बसवलेले आहे ते उपटून काढा, असे तो सहसा सांगत नाही. पण सॉकेट बदलायला घेतले, की त्या जागी आज जीएफसीआय लागत असेल तर ते द्यावेच लागते. अर्थिंग नसलेल्या जागी जीएफसीआयच्या संरक्षणाखाली तीन छिद्रांचे सॉकेट चालते, मात्र त्यावर ‘अर्थिंग नाही’ अशी खूण हवी.

बाथरूम पूर्ण नव्याने करताना अपेक्षा वाढतात. प्रत्येक बेसिनच्या कडेपासून ३ फुटांच्या आत किमान एक सॉकेट हवे, आणि १९९६ पासून बाथरूमच्या सॉकेटसाठी २० अँपिअरचे सर्किटही हवे. या २० च्या आकड्याची गरज केस वाळवण्याच्या यंत्रामुळे सहज कळते. अमेरिकेत ही यंत्रे सर्रास १८७५ वॅटची असतात, तर १५ अँपिअरच्या सर्किटवर १२० व्होल्टला १८०० वॅटच मिळतात. यावर जुन्या घरात एक घातक पळवाट काढली जाते: तार तीच ठेवून फक्त ब्रेकर २० अँपिअरचा बसवायचा. १५ अँपिअरसाठी घातलेली १४ गेजची तांब्याची तार मग भिंतीच्या आत तापत राहते आणि ब्रेकर गप्प बसतो. २० अँपिअरसाठी १२ गेजची, म्हणजे त्याहून जाड तार लागते, आणि ती ओढायची वेळ भिंती उघड्या असतानाच असते.

शेवटी एक बारकावा, जो अनुभवी माणसालाही चकवतो. प्लगसारखे खोचून जीएफसीआय तपासणारे छोटे यंत्र आपला चाचणी-प्रवाह अर्थिंगच्या तारेतून पाठवते. ती तार नसेल तर चांगले जीएफसीआयही त्याच्यापुढे ढिम्म राहते आणि बिघडलेले वाटते. जीएफसीआयवरचे स्वतःचे चाचणीचे बटण मात्र अर्थिंगवर अवलंबून नसते. त्यामुळे जुन्या वायरिंगवर दर महिन्याला तेच दाबून पाहावे.