मार्था वेल्सची सावत्र भावंडं

अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन याला सॅली हेमिंग्ज या त्याच्या गुलाम स्त्रीपासून मुलं झाली हे डीएनएनं सिद्ध केलं, असं विधान आजही सर्रास वाचायला मिळतं. निष्कर्ष बहुधा बरोबर आहे. पण तो एकट्या डीएनएच्या बळावर निघालेला नाही, आणि त्या चाचणीतली खरी खुबी बातम्यांमध्ये कधी येतच नाही. ती समजून घ्यायची तर सुरुवात जेफरसनपासून नव्हे, त्याच्या बायकोच्या माहेरापासून करायला हवी.

मार्था वेल्सचा जन्म १७४८चा, व्हर्जिनियाच्या ग्रामीण भागातला. वडील जॉन वेल्स वकील आणि तंबाखूचे मळेवाले. आई तिच्या जन्मानंतर काही दिवसांतच गेली. आईच्या लग्नाच्या करारात माहेरून जे गुलाम आले, त्यांत एलिझाबेथ हेमिंग्ज नावाची अकरा-बारा वर्षांची मुलगी होती. मार्थाचं पहिलं लग्न १७६६ मध्ये बॅथर्स्ट स्केल्टनशी झालं. दोन वर्षांत तो वारला आणि विशीही न गाठलेली मार्था तान्ह्या मुलासह विधवा झाली. पुढे तो मुलगाही गेला. १ जानेवारी १७७२ रोजी तिनं जेफरसनशी दुसरं लग्न केलं.

ती विधवा होती त्याच काळात तिच्या वडिलांच्या मळ्यावर एलिझाबेथला दोन मुलं झाली, क्रिटा आणि पीटर. अशी एकूण सहा, आणि त्या सहाही जणांचे वडील जॉन वेल्स होते, असं सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज यानं १८७३ मध्ये सांगून ठेवलं आहे. सहावी सॅली. ती १७७३ मध्ये जन्मली, त्याच वर्षी वेल्स वारले. वाटणीत मार्थाकडे १३५ गुलाम आले आणि त्या वेळच्या कायद्याप्रमाणे बायकोचं ते नवऱ्याचं झालं. या १३५ जणांत मार्थाची स्वतःची सहा सावत्र भावंडं होती.

आता थोडं गणित. बाप एक आणि आया वेगळ्या असलेल्या भावंडांचा सरासरी २५ टक्के डीएनए सामाईक असतो. मार्था आणि सॅली यांचं नातं हेच. मार्था १७८२ मध्ये वारली. पुढे जेफरसनला सॅलीपासून मुलं झाली हे धरून चाललो, तर मार्थाची थोरली मुलगी पॅट्सी आणि सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन यांचं नातं काय? बाप एकच, म्हणून २५ टक्के. आया सावत्र बहिणी, म्हणून आणखी ६.२५. बेरीज ३१.२५ टक्के. सख्ख्या भावंडांत हा आकडा ५० असतो. म्हणजे नुसत्या सावत्र नात्याहून हे जवळचं होतं. कागदोपत्री मात्र एक मालकाची मुलगी आणि दुसरा मालमत्ता.

हे कसं जमवलं? व्हर्जिनियानं १६६२ मध्येच कायदा केला होता की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. इंग्लंडची रीत बापावरून ठरवायची, पण मळेवाल्यांना ती गैरसोयीची होती. स्वतःची मुलं मोकळी करावी लागली असती. आडनाव आणि जमीन बापाकडून, बेडी आईकडून. योगायोग असा की पेशीतही या दोन्ही वाटा आहेत. मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला, डीएनए फक्त आईकडून येतो आणि वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जातं.

मला भुरळ घालतं ते हे वाय. बाकीची गुणसूत्रं जोडीनं असतात आणि शुक्राणू किंवा बीजांड तयार होताना जोडीतले तुकडे एकमेकांशी अदलाबदल करतात. त्यामुळे पिढीगणिक पूर्वजांच्या डीएनएची सरमिसळ होत जाते. वायला तसा जोडीदारच नाही. टोकांचा छोटा भाग एक्सशी देवाणघेवाण करतो तेवढाच. उरलेलं सगळं वाय बापाचं मुलाकडे जसंच्या तसं. म्हणजे, जवळजवळ जसंच्या तसं.

या 'जवळजवळ'मध्येच सगळी मेख आहे. वायवर काही ठिकाणी चार अक्षरांचा एकच गट ओळीनं पुन्हापुन्हा येतो: टी-ए-जी-ए, टी-ए-जी-ए, टी-ए-जी-ए. याला मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. पेशी विभागताना डीएनएची नक्कल करणारं विकर या जागी अडखळतं. वहीत रामनाम लिहून काढणाऱ्याचं होतं तसंच: एकच शब्द इतक्यांदा लिहायचा की एखादा 'राम' गळतो किंवा जास्तीचा पडतो. शास्त्रीय भाषेत सांगायचं तर नक्कल होताना दोन धागे क्षणभर सुटतात आणि पुन्हा जुळताना एक गट घसरून जुळतात. नव्या धाग्यावर फुगवटा राहिला तर एक गट वाढतो, जुन्या धाग्यावर राहिला तर एक कमी होतो. अशी चूक एका जागी साधारणपणे हजार पिढ्यांत दोनदा होते. अकरा जागा तपासल्या तर दर बाप-लेकामागे चुकीची शक्यता सुमारे दोन टक्के. समजा पाच शाखांतल्या मिळून तीस बाप-लेकांच्या जोड्या मोजल्या, तर अपेक्षित चुका ०.६ च्या आसपास. एखादी दिसली तर नवल नाही, चार-पाच दिसल्या तर घराणंच वेगळं.

जेफरसनला मार्थापासून झालेला एकही मुलगा जगला नव्हता, म्हणजे त्याच्या वायची औरस वाट बंद. म्हणून यूजीन फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी त्याचा चुलता फील्ड जेफरसन याच्या पुरुष वंशातल्या पाच जणांचे नमुने घेतले. त्यांतले चार जण तंतोतंत जुळले, पाचव्यात एका जागी एका गटाचा फरक निघाला. आपला वरचा हिशेब तेच सांगतो. एस्टन हेमिंग्जच्या वंशजाचं वाय जेफरसन घराण्याशी पूर्ण जुळलं. जेफरसनच्या भाच्यांवर, म्हणजे कार बंधूंवर, घरच्यांनी अनेक वर्षं सॅलीच्या मुलांच्या बापपणाचा ठपका ठेवला होता. त्यांच्या घराण्याचं वाय मात्र जुळलं नाही. थॉमस वुडसन या, सॅलीचा मुलगा मानल्या गेलेल्या माणसाच्या वंशजांचंही नाही.

५ नोव्हेंबर १९९८च्या 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हे छापून आलं, पण मथळा पुराव्यापेक्षा मोठा होता. वाय घराणं सांगतं, माणूस सांगत नाही. तेच वाय जेफरसनचा भाऊ रँडॉल्फ आणि त्याच्या मुलांकडेही होतं. बाप थॉमसच हे म्हणायला कागदपत्रं लागली: सॅलीच्या नोंद असलेल्या प्रत्येक मुलाच्या जन्माच्या सुमारे नऊ महिने आधी तो माँटिचेलो या आपल्या मळ्यावरच्या घरी होता.

जाता जाता, गोत्र म्हणजे वाय गुणसूत्राचा शोध आणि तो ऋषींनी आधीच लावला होता, हा संदेश तुम्हालाही आला असेल. दत्तक मुलाचं गोत्र बदलतं, वाय बदलत नाही. अनेक घराण्यांनी तर पुरोहिताचं गोत्र घेतलं. आणि मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे कित्येक समाजांत चालतं. तिचं गोत्र वेगळं, पण तिच्याशी सामाईक डीएनए सरासरी साडेबारा टक्के. दहा पिढ्या मागं गेलं तर वंशवृक्षात १०२४ जागा असतात. वाय त्यांतल्या एकाची गोष्ट सांगतं. उरलेल्या १०२३ जागांबद्दल चकार शब्द काढत नाही.

वेल्स यांच्याबाबत हीच अडचण आहे. सॅली मुलगी, तिच्याकडे बापाचं वाय नाही. मार्थाकडेही नाही. दोघींचं मायटोकॉन्ड्रिया आपापल्या आईचं. त्यामुळे या दोघी बहिणी होत्या हे या दोन सोप्या वाटांनी तपासताच येत नाही. उरतात बाकीच्या गुणसूत्रांवरचे तुकडे, जे दर पिढीला निम्मे होत जातात. तरी ती वाट अगदीच बंद नाही. २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मेरीलँडच्या कॅटॉक्टिन लोखंड भट्टीजवळ पुरलेल्या २७ आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या डीएनएवरून आज हयात असलेले ४१,७९९ नातेवाईक शोधल्याचं प्रसिद्ध झालं, ते अशाच तुकड्यांवरून.

सॅलीची मुलगी हॅरिएट १८२२ मध्ये माँटिचेलो सोडून गेली. मॅडिसनच्या सांगण्याप्रमाणे तिनं वॉशिंग्टनमध्ये एका गोऱ्या प्रतिष्ठिताशी लग्न केलं, तिला मुलं झाली, आणि ती कोण हे तिथे कुणाला कळलं नाही. तिच्या मुलींच्या मुलींचा वंश टिकला असेल, तर त्यांच्या पेशींत एलिझाबेथच्या आफ्रिकी आईचं मायटोकॉन्ड्रिया आजही असणार. हॅरिएटच्या नवऱ्याचं नाव मॅडिसनला माहीत होतं. ते सांगू शकतो, पण सांगणार नाही, असं त्यानं स्वच्छ म्हटलं आहे.